तांबड्या ट्यूबमधलं लिक्विड

जुना प्रोजेक्टर बिघडायला लागला की आधी त्याचा वास येतो. तापलेल्या धुळीचा वास, आणि त्यात मिसळलेला एक तिखट, निळसर म्हणावा असा वास. आत पंचवीस-तीस हजार व्होल्ट खेळत असतात, त्यातले थोडे कुठूनतरी निसटत असले की तो येतो. घरातल्या लोकांना तो कळत नाही, सवय झालेली असते. मला दारातच कळायचा.

खराडीच्या त्या फ्लॅटमध्ये मी शिरलो तेव्हा हा वास आला नाही. फिनेलचा आला. नको इतका.

पण आधी ते मशीन म्हणजे काय ते सांगतो, कारण आता ते फारसं कुणी पाहिलेलं नसणार. लहान कपाटाएवढा लोखंडी डबा, पुढे तीन मोठ्या भिंगांचे डोळे. प्रत्येक डोळ्यामागे टीव्हीसारखी एक काचेची ट्यूब, एक तांबडी, एक हिरवी, एक निळी. तिघी आपापलं चित्र पडद्यावर फेकतात आणि ती तिन्ही चित्रं तंतोतंत एकमेकांवर बसली तरच सिनेमा दिसतो. उचलायला दोन धडधाकट माणसं लागायची. बहुतेक ठिकाणी ते स्लॅबला उलटं टांगलेलं असायचं. ट्यूब फार तापतात, म्हणून ट्यूब आणि भिंग यांच्यामध्ये एक बंद कप्पा असतो आणि त्यात थंड ठेवणारं लिक्विड भरलेलं असतं. दिसायला स्वच्छ पाण्यासारखं, हाताला किंचित चिकट. आम्ही त्याला नुसतं लिक्विड म्हणायचो.

नव्वदनंतर बाहेरचा माल यायला लागला तशी ही मशीन पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांत आणि कंपन्यांच्या मीटिंगच्या खोल्यांत आली. पुढे हलके चपटे प्रोजेक्टर निघाले आणि ही धुडं भंगाराच्या भावात बाहेर पडली. ती घेतली आयटीतल्या पोरांनी. घरात थिएटर करायचं, खिडक्यांना काळं कापड लावायचं आणि चित्र कसं गडद दिसतं ते मित्रांना दाखवायचं. वेडच होतं ते, पण त्या वेडावर माझं घर चालायचं. ज्या कंपनीत मी सर्व्हिसला होतो तिने हा विभाग बंद केला, तेव्हा मी स्वतःचं काम सुरू केलं.

मी बी.एस्सी. आहे, इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मी. डिग्री मी कार्डावर ठळक छापून घेतली होती आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. शनिवार पेठेतल्या एका गृहस्थांनी दारातच सांगितलं होतं, मिस्त्री, चपला बाहेर. मी म्हणालो, मिस्त्री नाही, बी.एस्सी. ते म्हणाले, बी.एस्सी.च्याही बाहेरच. त्या उत्तराला मी मनातल्या मनात मार्क दिले, पण मिस्त्री त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

राहायला मी येरवड्याला. पत्ता सांगितला की दहातले निम्मे विचारायचे, जेलच्या भिंतीच्या आतून की बाहेरून? मीही हसायचो. पण एकदा एका गिऱ्हाइकाने मी गेल्यावर फोन करून माझा नवा पार्ट काढून जुना घातलात का, असं विचारलं, तेव्हा हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी एक पद्धत पाडली. दोष सापडला की घरातल्या सगळ्यांना बोलवायचं, टॉर्च मारून तो दाखवायचा, आणि त्यांनी पाहिल्याशिवाय झाकण बसवायचं नाही. काहींना कंटाळा यायचा. मी ऐकायचो नाही.

तर त्या रविवारी खराडी. तेव्हा तिथे काचेच्या इमारती भराभर उठत होत्या आणि मधेमधे ज्वारीची शेतं शिल्लक होती. सोसायटी नवी, अर्धे फ्लॅट रिकामे. गेटवर वॉचमनची पत्र्याची खोली. दार उघडं होतं, आत एक बाई चादरीत भांडी बांधत होती. वॉचमन चाळिशीचा, बारीक अंगाचा. मी फ्लॅटचा नंबर सांगितला तसा तो माझ्याकडे बघतच राहिला.

"साहेब, त्या घरी चालले काय? माईले सांगजा, म्या नाही केलं."

बोलणं विदर्भातलं होतं. काय नाही केलं, ते मी विचारलं. त्या घरातला कुत्रा मंगळवारी मेला होता. डॉक्टर म्हणाले, विष पोटात गेलंय. पार्किंगमध्ये उंदरांचं औषध यानेच टाकलं होतं, कमिटीच्या सांगण्यावरून. आणि त्याच्या आधी त्या कुत्र्याने त्याच्या मुलीचा फ्रॉक फाडला म्हणून यानेच त्याच्यावर काठी उगारली होती, चार लोकांनी ती पाहिली होती. संध्याकाळी मीटिंग होती. खोली सोडायला तर सांगितलंच होतं, वर चौकीत द्यायची भाषा चालली होती. मुलीला नुकतंच जवळच्या शाळेत घातलं होतं, ती आत कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

मी म्हणालो, सांगतो. दुसरं काय म्हणणार?

वर गेलो तर बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. माणूस तिशी ओलांडलेला, सॉफ्टवेअरमधला, चेहरा झोप न झालेला. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. बायको कंपनीच्या कामासाठी वर्षभर परदेशी. त्याने मला सरळ आतल्या खोलीत नेलं. काळे पडदे, एक सोफा, वर टांगलेलं मशीन. फरशी उघडी होती आणि सोफ्यापुढे एक मोठा उजळ चौकोन दिसत होता. तिथे बरेच दिवस गालिचा असणार. फिनेलचा वास याच खोलीत सगळ्यात जास्त होता.

"रेड थोडा सॉफ्ट झालाय," तो म्हणाला. "आजच्या आज फिनिश होईल ना? संध्याकाळी लोक येतील घरी."

मी मशीन चालू केलं आणि आधी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा पडद्यावर टाकल्या. दुखणं रेघांत कळतं. हिरव्या, निळ्या ठीक होत्या. तांबड्या वरच्या भागात दोऱ्यासारख्या बारीक होत्या, पण पडद्याच्या खालच्या भागात एका ठरावीक पातळीपासून फुगायला लागत. पातळी अशी सरळ, जणू फूटपट्टीने आखलेली. तिच्याखाली तांबडं काही जागेवर ठरत नव्हतं, झिरपत होतं. मग मी कुठलासा सिनेमा लावला. माणसांची तोंडं धडधाकट दिसत होती आणि छातीखाली प्रत्येकाच्या अंगातून काहीतरी तांबडं पाझरत होतं. मी बंद केला. कामाचं असलं तरी ते बघवत नव्हतं.

बंद करूनही लगेच हात घालता येत नाही. ट्यूबमध्ये करंट साठून राहतो. आधी तो उतरवावा लागतो, तेही एक हात पाठीमागे ठेवून. दोन्ही हात आत असले आणि कुठे चूक झाली तर करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि वाटेत छाती असते. माझ्या ओळखीचा एक जण असाच गेला होता. मी शिडीवर चढलो, करंट उतरवला, झाकण काढलं आणि तांबड्या भिंगात टॉर्च मारला.

लिक्विड निम्म्यावर आलं होतं. रेघांतली ती सरळ पातळी हीच होती. भिंग चित्र उलटं करतं, म्हणून कप्प्यातली वरची पोकळी पडद्यावर खाली दिसत होती.

म्हणजे सील गेलं होतं, रबर वाळून तडकलं होतं. इथवर सरळ होतं. पण मला दुसरीच गोष्ट खटकली. लिक्विड गळतं तेव्हा डब्याच्या खालच्या पत्र्यावर त्याचे ओघळ राहतात, त्यावर धूळ बसते आणि गुळाच्या पाकासारखा काळा थर जमतो. निम्मं लिक्विड गेलेलं, आणि इथे पत्रा लखलखीत. बाकीच्या दोन ट्यूबच्या खाली धूळ, कोळिष्टकं, सगळं होतं. तांबडीच्याच खाली कुणीतरी कोपऱ्यांतनं फडकं फिरवून पुसून घेतलेलं होतं.

मी खाली वाकून सांगितलं, सील गेलंय. त्याला आश्चर्य वाटलं नाही. तो आत गेला आणि एक खोका घेऊन आला. आत नवं सील आणि लिक्विडची बाटली, दोन्ही अमेरिकेतली. ऑफिसातला कुणी येताना घेऊन आला, म्हणाला. ह्या वस्तू मीही मागवायचो. मागवल्यापासून हातात पडेपर्यंत महिना सहज जातो. मी बाटली हातात घेतली. तिच्यावर कवटीची खूण होती.

तेवढ्यात त्याच्या आई चहा घेऊन आल्या. बँकेतून रिटायर झालेल्या, ताठ बांध्याच्या, बोलायला मोकळ्या. मी कबूल केल्याप्रमाणे वॉचमनचा निरोप सांगितला. त्यांचा चेहरा कठोर झाला.

"तो तसं म्हणणारच. अहो, नऊ वर्षांचा होता माझा कुत्रा. दुपारी इथे माझ्या पायाशी झोपायचा. आधी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या द्यायला लागला. मी हसले हो. मग उलट्या, मग अंग टाकलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या संपल्या."

मुलगा म्हणाला, आई, त्यांना काम करू दे. त्या हलल्या नाहीत. वर बघत म्हणाल्या, एवीतेवी शिडीवर चढलाच आहात तर स्लॅबही बघा. नवी इमारत आणि आत्ताच गळते. बिल्डरच्या माणसाला दोनदा सांगितलं, तो फिरकला नाही. गालिचा खराब होऊ नये म्हणून मी खाली वाटी ठेवून दिली होती.

मी विचारलं, वाटी भरायची?

"कुठली. संध्याकाळी बघावं तर तळाला असायचं थोडं. सकाळी कोरडी ठणठणीत. वाळत असेल."

त्या खोलीत आम्ही तीन माणसं होतो आणि त्यातल्या दोघांना माहीत होतं की हे लिक्विड वाळत नाही. वाटीत महिनाभर ठेवा, तेवढंच राहतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो फरशीवरच्या उजळ चौकोनाकडे बघत होता.

"आता कुठे आहे वाटी?" मी विचारलं.

मंगळवारपासून दिसली नाही, त्या म्हणाल्या. ह्यानेच कुठेतरी ठेवली असेल. आणि कप घेऊन गेल्या.

तो मला गॅलरीत घेऊन गेला, दार ओढून घेतलं. खाली गेट दिसत होतं. वॉचमनची बायको आता बाहेर येऊन एका बादलीत स्टोव्ह-पातेली बसवत होती. तो हळू आवाजात, पण भराभर बोलला. गळतंय हे त्याला माहीत होतं, म्हणूनच सामान मागवलं. वाटीचं त्याला माहीत नव्हतं. आईने ठेवली, आईला वाटलं स्लॅब गळतोय. कुत्रा मेला त्या रात्री त्याने ती पाहिली, आणि सगळं एकदम लक्षात आलं. वडील गेल्यापासून आईला त्या कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं. आपण ठेवलेल्या वाटीने तो मेला हे कळलं तर ती राहणार नाही.

"आणि खालचा?" मी विचारलं.

"पोलिसांपर्यंत मी जाऊ देणार नाही. बोललोय मी कमिटीशी. त्याला काय, वॉचमनचं काम कुठेही मिळतं. तुम्ही प्लीज सील बदला, लिक्विड भरा आणि झाकण लावा. बाकी तुमचा संबंध नाही."

तो वाईट माणूस नव्हता. मी अजूनही तसं म्हणत नाही. आईसाठीच बोलत होता. पण 'त्याला काय' हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझे वडील कारखान्यात भट्टीवर होते. पाळी सुटली की गेटवर हात वर करून झडती द्यायचे. साहेब लोकांची गाडी मात्र तशीच बाहेर जायची. एकदा पितळेचे तुकडे हरवले तेव्हा तीन दिवस त्यांना घरी बसवलं. तुकडे सापडले, तरी कुणी येऊन सांगितलं नाही की तू नव्हतास. त्यांनीही विचारलं नाही. आमच्या घरी देव्हारा नव्हता, भिंतीवर एकच तसबीर आणि तिच्याखाली पुस्तकांची फळी. त्या फळीकडे बोट दाखवून ते मला एवढंच म्हणायचे, तू असं उभं राहायचं नाहीस.

मी त्याला सांगितलं, दोष दाखवल्याशिवाय मी झाकण बसवत नाही. घरातल्या सगळ्यांना.

"मग नका बसवू. मी दुसऱ्याला बोलावतो."

"बोलवा. पण उघडलंय मी. दाखवल्याशिवाय मी इथून जाणार नाही."

त्याने माझा दंड धरला. जोराने नाही. मी हात सोडवून घेतला. त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली, त्याची नाही, आतल्या खोलीत जे करायला निघालो होतो त्याची. एका म्हाताऱ्या बाईच्या घरात जाऊन मी असं काहीतरी उघडणार होतो जे पुन्हा कुणाला बंद करता येणार नव्हतं. आणि खाली ती बादली भरत आली होती.

आत जाऊन मी हाक मारली, काकू, जरा येता का?

मी काही भाषण केलं नाही. त्यांना सोफ्यावर उभं राहायला हात दिला, भिंगात टॉर्च मारला आणि सांगितलं, ही रेघ दिसते ना, इथवर लिक्विड आहे. हे काठोकाठ भरलेलं असतं. स्लॅब गळत नाही. हे गळत होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग खाली उतरल्या, सोफ्यावरची बाटली उचलली, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्यावरचं बारीक इंग्रजी वाचायला लागल्या. ओठ हलत होते. एका ओळीवर बोट थांबलं. मुलं आणि पाळीव जनावरं यांच्याबद्दलची ती ओळ होती. मी ती बाटली पन्नास वेळा हाताळलेली होती, मला पाठ होती.

"हे चवीला कसं असतं?" त्यांनी विचारलं.

"गोड."

मुलगा दारात उभा होता. आई, असं म्हणून तो पुढे आला, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बाटली खाली ठेवली. रडल्या नाहीत. घामाने ओला झालेला चष्मा पदराला पुसला आणि चपला घालून लिफ्टकडे चालू लागल्या. मी टॉर्च हातात घेऊनच त्यांच्यामागून गेलो. तो आला नाही.

गेटवर त्या वॉचमनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तो हातातली दोरी ठेवून अदबीने सरळ झाला. त्याची बायको मागे आली.

"तू नाही मारलंस," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून झालं. वाटी मी ठेवली होती."

त्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.  मला वाटलं, हात जोडेल. त्याने जोडले नाहीत.

"माई, हे मले नोका सांगू. मले तं माहीत हाय. संध्याकाळी सगळ्यांपुढं सांगसान काय?"

त्या म्हणाल्या, सांगीन. त्याच्या बायकोला म्हणाल्या, गाठोडं सोड. बायकोने सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत राहू दे असंच, ती म्हणाली. मला ते पटलं.

वर जाऊन माझी हत्यारं आणायची होती. पण त्यांनी मला थांबवलं. गेटजवळ वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर त्या बसल्या. ऊन थेट अंगावर येत होतं. त्या बोलल्या तो आवाज मघाचाच होता, बँकेतल्या काउंटरमागचा, नीट विचारणारा.

"वाटी त्यानेच उचलली ना?"

"हो."

"आणि पुसलंही त्यानेच."

मी म्हणालो, ते तुम्ही त्यांनाच विचारा.

"विचारायचं काय त्यात. पाच दिवस मी ह्या माणसाला शिव्या देतेय. जेवताना, झोपताना. आणि माझा मुलगा समोर बसून ऐकत होता. वाढ म्हणायचा, आणखी आमटी वाढ."

 मी वर गेलो. तो त्या काळोख्या खोलीत सोफ्यावर बसला होता, मशीनचं पोट वर उघडं लोंबत होतं. त्याने विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, खाली बसल्यात. तो म्हणाला, येणार आहे का वर? मी म्हणालो, मला माहीत नाही. हत्यारं गोळा करून पिशवीत भरली. त्याने पुन्हा कधी फोन केला नाही आणि त्या मशीनचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. मीटिंगचं मात्र कळलं, कारण पुढे महिन्याभराने त्याच रस्त्यावरून जाताना गेटवर तोच वॉचमन दिसला. काकूंनी सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं होतं. नंतर त्या बहिणीकडे राहायला गेल्या, नाशिकला. परत आल्या नव्हत्या.

पण त्या दिवशी मी पिशवी घेऊन खाली आलो तेव्हा त्या अजून तिथेच बसून होत्या. वॉचमनने आपल्या खोलीच्या पत्र्याचा एक सुटा तुकडा आणून त्यांच्या डोक्यावर सावली धरली होती.  गाडी काढायची म्हणून गेट उघडायला हवं होतं, आणि त्याचे हात गुंतलेले, म्हणून मीच उतरून ते उघडलं.